वस्तरा हाती धरताना

सलूनमध्ये आज आपल्या गालावरून जो वस्तरा फिरतो, त्याचे पाते कायमचे नसते. कारागीर दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, त्यातला अर्धा तुकडा वस्तऱ्यात सरकवतो आणि दाढी झाली की फेकून देतो. १९८६ साली भारतात एचआयव्हीच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. एकच पाते अनेकांच्या गालांवर फिरवणे धोक्याचे आहे हे पुढच्या वर्षांत सर्वांना पटत गेले आणि चामडी पट्ट्यावर फिरवला जाणारा जुना वस्तरा दुकानांतून मागे पडला. ते योग्यच झाले. इथे त्याच जुन्या, अखंड पोलादी वस्तऱ्याबद्दल सांगायचे आहे, पण घरी, एकट्याने, फक्त स्वतःच्या गालावर वापरण्याबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या दाढीत पाते गालावर असते तो वेळ सर्वांत थोडा. धार राखणे, दाढी भिजवणे, फेस काढणे आणि कातडी ताणणे या चार कामांवर हात बसला की उरलेले काम पात्याच्या वजनाने होते. नवशिक्याला कापते ते बहुतेक वेळा या चारांपैकी एखादे काम घाईत उरकल्यामुळे. हात थरथरतो म्हणून कापणारे फार थोडे.

आधी वस्तऱ्याचे भाग ओळखून घेऊ. पात्याची वरची जाड कड म्हणजे पाठ आणि खालची कड म्हणजे धार. पात्यामागे धार नसलेला दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला वर वळलेली शेपटी. मूठ दोन पट्ट्यांची असते. ती खिळ्याभोवती फिरते आणि वस्तरा मिटला की धार या पट्ट्यांच्या मधोमध जाऊन बसते.

यात पाठीचे महत्त्व पटकन लक्षात येत नाही. वस्तरा दगडावर किंवा पट्ट्यावर आडवा ठेवला की पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात. म्हणजे धारेचा कोन कारखान्यात पात्याला आकार दिला तेव्हाच ठरून गेलेला असतो. आपल्याला तो मोजायचा नाही, फक्त बिघडवायचा नाही. त्यासाठी नियम एकच: पाठ उचलायची नाही.

आता खरेदी. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर आणि ६/८ म्हणजे १९. नवशिक्याने या दोहोंपैकी एक घ्यावा. त्याहून रुंद पाते नाकाखाली अवघडते, अरुंद पात्यावर फेस लवकर साचतो.

पात्याचे टोक गोल असलेलेच निवडा. चौकोनी टोकाने मिशीची कड रेखीव निघते खरी, पण कानाच्या पाळीला आणि ओठाच्या कोपऱ्याला पहिला ओरखडा त्याच टोकाचा बसतो.

पाते दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेले असते. ही खोली जितकी जास्त तितके पाते पातळ, आणि पातळ पाते खुंट कापताना बारीक खरखर आवाज करते. तो आवाज नवशिक्याच्या कामाचा आहे. कोन बरोबर असला तर तो एकसारखा येतो, बिघडला की तुटक होतो. फार जाड पाते मुके असते आणि फार पातळ पाते वाकड्या हाताला लवचते. मध्यम खोलीचे पाते घेतलेले बरे.

चांगल्या वस्तऱ्यांसाठी जर्मनीतले झोलिंगन, इंग्लंडमधले शेफील्ड आणि फ्रान्समधले तिएर ही गावे पूर्वीपासून नावाजलेली. झोलिंगन या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, पात्यावर ते नाव कोणालाही कोरता येत नाही. तिथला नवा वस्तरा आपल्याकडे दहा हजारांच्या वर जातो. उलट ऑनलाइन दुकानांत पाचशे-सातशे रुपयांना चकचकीत ‘वस्तरे’ मिळतात, ते घेऊ नका. आकार वस्तऱ्याचा असतो, पण पाठ सरळ नसते आणि पोलाद धार धरत नाही. त्यावर कितीही मेहनत घेतली तरी गाल सोलतो आणि माणूस कायमचा नाद सोडतो.

जुना वस्तरा हा मधला मार्ग. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा आजोबांची पेटी, कुठूनही मिळो, तीन गोष्टी पाहाव्यात. पाते उजेडासमोर आडवे धरून धारेवर चीर किंवा खाच नाही ना, ते बघा. गंजाचे ठिपके धारेपर्यंत पोचले असतील तर सोडून द्या. पाठीवरचे ठिपके चालतील. मिटताना पाते मुठीच्या मधोमध जाते का, हेही तपासा. एका बाजूला कलत असेल तर धार रोज मुठीवर घासणार. शिवाय जुन्या विलायती वस्तऱ्यांच्या मुठी कधी कधी हस्तिदंताच्या असतात आणि आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. शंका आली तर हात लावू नका. घरी आणलेला जुना वस्तरा साबणाने धुऊन सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा आणि दगडावर नवी धार काढून घेतल्याशिवाय गालाला लावू नका.

नवा वस्तराही डब्यातून काढून लगेच वापरता येईल असे गृहीत धरू नका. कारखान्याची धार पुष्कळदा कामापुरती नसते. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा की हाताने दगडावर धार लावून देणार का. नसेल तर लावून देणारा माणूस आधी शोधा आणि मगच पैसे मोजा.

इथे एक मोठी चूक होते. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा सायकलवाला दारावरून जातो आणि आपण वस्तरा त्याच्या हातात देतो. त्याच्या फिरत्या चाकावर पोलाद तापते. धारेजवळचा पातळ भाग तापून निळसर झाला की त्याचा कडकपणा जातो आणि मग ती धार टिकत नाही. वस्तरा फक्त सपाट दगडावर, पाण्याने ओला ठेवून घासतात. आधी १००० क्रमांकाचा दगड, मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० किंवा त्या जातीचा. क्रमांक वाढतो तसा दगड बारीक कणांचा. हे काम शिकण्यासारखे आहे, पण पहिल्या वर्षात शिकू नये. अजून धारदार वस्तरा गालावर कसा लागतो हेच ठाऊक नसताना दगडावर काय साधायचे ते कळणार कसे? पट्टा नीट वापरला तर दगडाची गरज काही महिन्यांतून एकदा पडते.

पट्टा मात्र रोजचा. त्याच्यासाठी थोडा जास्त वेळ देतो, कारण घरी वस्तरा वापरणारे बहुतेक लोक इथेच फसतात.

टांगायचा पट्टा अडीच-तीन इंच रुंद असतो. एका बाजूला जाड सुती कापड, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत चामडे. दाढी करताना धारेची अगदी टोकाची, डोळ्यांना न दिसणारी कड इकडे-तिकडे वळते. पट्टा ती सरळ करतो आणि तिच्यावरचा साबणाचा व गंजाचा सूक्ष्म थर पुसून काढतो. दगड पोलाद घासून नवी धार काढतो, पट्टा असलेली धार मार्गावर ठेवतो.

पट्टा कडीला अडकवा आणि डाव्या हाताने ताठ ओढा. ढिला पट्टा मध्ये झोळासारखा लोंबतो आणि धारेला गोलाई आणतो. हे लोंबणे किंचित असले तरी पुरते. पट्टा ताठ आहे याची खात्री झाल्याशिवाय वस्तरा ठेवू नका.

वस्तरा आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. आता पाठ पुढे आणि धार मागे, अशा दिशेने ओढा. धार पुढे गेली तर ती चामड्यात घुसेल. पट्ट्याच्या टोकाला आल्यावर आधी थांबा. मग अंगठा आणि तर्जनीत दांडा फिरवून वस्तरा पाठीवर उलटा, म्हणजे पाठ टेकलेलीच राहते आणि धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते. मग परत ओढा. पाते पट्ट्याच्या रुंदीपेक्षा लांब असेल तर थोडे तिरपे ओढा, म्हणजे दांड्याकडच्या कडेपासून टोकापर्यंत सगळी धार चामड्यावरून जाते.

नव्या पट्ट्यावर पहिल्या आठवड्यातच चिरा पडतात, त्या या वळणावर. हात ओढत असतानाच मनगट फिरते आणि धार चामड्याला टोचते. म्हणून पहिले काही दिवस वस्तऱ्याऐवजी लोणी लावायची बोथट सुरी घेऊन हाच सराव करा. सलूनमधल्या जुन्या कारागिरांचा हात या कामात विजेसारखा चालायचा. त्या वेगाची नक्कल करू नका. वेगाने धार सुधारत नाही. दाब तर शून्यच, वस्तऱ्याचे वजन तेवढे पट्ट्यावर. दाढीआधी कापडावर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या पुरतात. धारेवरून बोट फिरवून पाहू नका. हातावरचे केस कातडीपासून जरा उंचावर पात्याचा स्पर्श होताच तुटले तर वस्तरा तयार आहे.

दाढीचा दिवस सुट्टीचा निवडा. न्हाणीघरात आरसा आणि उजेड समोरून हवा, पाय कोरडे हवेत आणि दाराला आतून कडी हवी. घाईत दार ढकलून लहान मूल आत येणे हा या छंदातला खरा धोका आहे. फोन वाजला तर आधी वस्तरा मिटून ठेवायचा. हातातून सुटला तर झेलायचा नाही, पाय मागे घेऊन पडू द्यायचा.

दाढी अंघोळीनंतर करा. केस पाणी पितो आणि मऊ पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. अंघोळ आधीच झाली असेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा तेवढा वेळ गालावर धरा. कोरड्या खुंटावर कितीही धारदार पाते अडखळते.

फेस ब्रशने काढा. डब्यातून फसकन येणारा फेस वरवर फुगलेला दिसतो, पण त्यात पाणी थोडे असते आणि वस्तऱ्याच्या संथ कामात तो सुकतो. ब्रश भिजवून झटका, साबणावर किंवा क्रीमवर फिरवा आणि थेंब थेंब पाणी घालत वाटीत घोळा. फेस चांगल्या घोटलेल्या दह्यासारखा दाट, ओला आणि चकाकणारा झाला पाहिजे. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त, कोरडा कापसासारखा दिसला तर कमी. बोअरचे पाणी जड असेल तर साबण फुटतो आणि फेस उभाच राहत नाही. तेव्हा दाढीपुरते जड नसलेले पिण्याचे पाणी घ्या. कितीतरी लोक यासाठी साबणाला दोष देऊन महागडे साबण आणत राहतात.

केस कुठल्या दिशेला वाढतात ते फेस लावण्याआधी बघून ठेवायचे. दोन दिवसांची दाढी असताना बोटे फिरवा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो तो सुलटा हात, खरखरतो तो उलटा. गालावर बहुधा केस खाली जातात, पण गळ्यावर ते वर, आडवे, कधी भोवऱ्यासारखे वाढतात. पहिला महिनाभर फक्त सुलटा हात चालवायचा.

पकड अशी. पहिली तीन बोटे दांड्याच्या वर, अंगठा खालून, करंगळी शेपटीवर आणि मूठ उघडून वर उभी. पकड पेनाइतकी हलकी असावी. बोटे पांढरी पडत असतील तर आवळून धरले आहे.

पाते गालावर आधी सपाट टेकवा आणि मग पाठ एक-दोन पाठींच्या जाडीइतकी उचला. हा झाला साधारण तीस अंशांचा कोन. पट्ट्यावर पाठ उचलायची नाही आणि गालावर एवढीच उचलायची. कोन फार उभा झाला तर पाते खरवडते आणि कापते, फार सपाट राहिला तर केस ओढले जातात.

आता उजव्या कल्ल्याखाली सुरुवात करा. डावा हात डोक्यावरून आणून कानाच्या वर बोटे ठेवा आणि कातडी वर ताणा. ती खरोखर ताठ झाली पाहिजे. ढिल्या कातडीची पात्यापुढे घडी उभी राहते आणि कापते ती घडी. बोटे फेसाने घसरत असतील तर कोरडी करून तुरटीच्या खड्यावर घासा, पकड लगेच येते. मग एक-दीड इंचाचे छोटे हात खाली मारा. वस्तरा नेहमी धारेच्या काटकोनात पुढे जातो. तो बाजूला सरकला, अगदी केसभर सरकला, तर तीच हालचाल कापण्याची असते.

पहिल्या दाढीला एवढेच. दोन्ही गाल करा आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने उरका. डावा गाल उजव्या हाताने करायचा की डाव्या, हा आपला प्रश्न. डाव्या हाताला सुरुवातीपासून कामाला लावले तर पुढे फार सोपे जाते, असा माझा कल आहे.

गाल रक्ताशिवाय जमू लागले की जबड्याची कड घ्या. हाडावर पाते फिरवायचे नाही. गालाची कातडी वर ओढली की जबड्याखालची जागा सपाट गालावर येते, तिथे कापायचे. मग गळा. मान मागे, कातडी गळपट्टीच्या हाडाकडे खाली ताणलेली. घाटीवरून सरळ जाऊ नका. कातडी एका बाजूला ओढा, म्हणजे घाटीवरची जागा शेजारच्या मऊ भागावर येते.

हनुवटी आणि मिशीची जागा सर्वांत शेवटी. हनुवटीवरचे केस राठ आणि जागा वाकडी, त्यामुळे कोन इंचभरात दोनदा बदलावा लागतो. तिथे फेस दुसऱ्यांदा लावा आणि हात अगदी आखूड मारा. वरच्या ओठासाठी नाकाचे टोक बोटाने वर करा आणि ओठ दातांवर खाली ओढा. या दोन जागा महिनाभर नेहमीच्या रेझरकडे राहिल्या तरी काही बिघडत नाही.

वस्तरा ओढतोय असे वाटले तर दाब वाढवू नका. बहुतेक सर्वांचा हात तेव्हा आपोआप जड होतो आणि गाल सोलतो तो त्याच क्षणी. थांबा, फेस सुकला आहे का पाहा, मग कोन पाहा, मग कातडी. तिन्ही ठीक असतील तर धार गेली आहे. त्या दिवशी दुसऱ्या रेझरने दाढी पुरी करा.

नंतर थंड पाणी आणि ओली तुरटी. जिथे झोंबेल तिथे हात जड पडला होता, पुढच्या वेळेसाठी ती जागा लक्षात ठेवा. बारीक ओरखडा तुरटीने थांबतो. खोल कापले तर स्वच्छ कापड दहा मिनिटे न उचलता दाबून धरा आणि तरीही रक्त राहिले तर डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील, हात थरथरत असतील किंवा चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर वस्तरा घेऊच नये. आपला वस्तरा भावालाही द्यायचा नाही. ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ रक्तातून पसरते आणि तिला डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेची गरज नसते.

वस्तरा धुताना पाते नळाला किंवा बेसिनला टेकू देऊ नका. एका टिचकीने धारेला खाच पडते. पाठीकडून धारेकडे पुसा, कापडी पट्ट्यावर दहा फेऱ्या मारून ओल काढा आणि तासभर उघडा वाळू द्या. वापरणारे लोक वस्तऱ्याला मधे एक-दोन दिवस विश्रांती देत. आठवड्याच्या सात दिवसांचे सात वस्तरे असलेल्या जुन्या पेट्या त्यातूनच आल्या. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात रात्रीत गंज चढतो. न्हाणीघरात वस्तरा ठेवू नका आणि पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून ठेवा. खोबरेल नको, ते चिकट होते.

एवढा खटाटोप रोज जमणार नाही असे वाटत असेल तर सलूनसारखा ब्लेडचा वस्तरा घ्यावा. पट्टा नाही, दगड नाही, अर्धे ब्लेड बदलले की झाले. मात्र अखंड वस्तऱ्याची तालीम म्हणून तो घेऊ नका. तो हलका असतो, ब्लेडचे कोपरे तीक्ष्ण असतात आणि दाबाची चूक तो अजिबात खपवून घेत नाही. वापरलेले ब्लेड उघडे कचऱ्यात टाकू नका. एखाद्या पत्र्याच्या डबीत जमवून चिकटपट्टीने बंद करून द्या, कारण आपला कचरा कोणीतरी हाताने वेगळा करत असते.

शेवटी एक विनंती. धोकटी घेऊन घरोघरी दाढ्या केलेले, पट्ट्यावर हात बसलेले ज्येष्ठ कारागीर अजूनही कितीतरी गावांत आहेत, पुष्कळांनी दुकान मुलाकडे सोपवले आहे. सकाळी गर्दी नसताना आपला वस्तरा आणि पट्टा घेऊन त्यांच्याकडे जा, हात कसा वळतो ते समोर बसून पाहा, धार तपासून घ्या. आणि शिकवल्याबद्दल दाढीच्या दरापेक्षा चांगले पैसे द्या.